धुराचा हिशेब किलोत : कारखान्यांसाठी लवचिक परवाना म्हणजे काय?

सुरतेच्या बाजारात साडीचा दर असतो, अस्तराचा असतो, सुताचा असतो. २०१९ सालापासून तिथे कारखान्याच्या धुरालाही दर आला आहे. चिमणीतून निघणाऱ्या धुळीचा दर, किमान ५ रुपये किलो आणि कमाल १०० रुपये किलो. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. काहींना राग येतो की, आता हवा घाण करण्याचाही सौदा होऊ लागला!

ही थट्टा नाही आणि गोष्ट रागावून सोडून देण्यासारखीही नाही. कारखान्याला हवेच्या बाबतीत परवाना कसा द्यावा, याविषयी जगात गेली चाळीस-पन्नास वर्षे जो विचार चालला आहे, त्याचाच हा एक प्रकार आहे. त्याला लवचिक परवाना म्हणता येईल. २०११ साली केंद्र सरकारने अशा योजनेसाठी तीन राज्यांची नावे पुढे केली, त्यांत गुजरात आणि तामिळनाडूच्या जोडीला महाराष्ट्रही होता. म्हणजे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या साईझिंगवाल्यांनी, डाईंगवाल्यांनी आणि त्यांच्याकडे माल देणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांनी हा विषय समजून घेणे जरुरीचे आहे.

आजचे संमतीपत्र काय सांगते?

आपल्याकडे हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ सालचा आहे. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय कारखाना उभारता येत नाही आणि चालवताही येत नाही. आधी उभारणीची संमती घ्यायची, मग चालवण्याची. धंद्यात दोन्हींना सरसकट 'कन्सेंट' म्हणतात. कोणता माल, किती माल, किती बॉयलर, कोणते इंधन, चिमणीची उंची किती, धूर गाळायला कोणते यंत्र आणि धुरात धूळ किती चालेल, हे सर्व त्यात लिहिलेले असते.

यात कारखानदाराची पहिली अडचण बदलाची आहे. कापडाचा धंदा फॅशनवर आणि हंगामावर चालतो. आज पॉलिएस्टरला मागणी आहे, सहा महिन्यांनी कॉटनला येते. लगीनसराईला माल दुप्पट लागतो आणि पावसाळ्यात निम्म्यावर येतो. एक बॉयलर काढून दुसरा बसवायचा, स्टेंटर वाढवायचा, कोळसा सोडून दुसरे इंधन घ्यायचे, तर संमतीपत्रात दुरुस्ती करून घ्यावी लागते. बदल हवेच्या भल्याचा असला तरी कागद फिरावा लागतोच. तो फिरून येईपर्यंत ऑर्डर दुसरीकडे गेलेली असते.

दुसरी अडचण मापाची आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. धुळीची मर्यादा सहसा एका घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम अशी घातलेली असते. सुरतेच्या कारखान्यांना ती १५० मिलिग्रॅम होती. आता हिशेब करून पाहा. मिसाल म्हणून एक चिमणी घ्या. तिच्यातून तासाला २०,००० घनमीटर धूर निघतो आणि दर घनमीटरात बरोबर १५० मिलिग्रॅम धूळ आहे. म्हणजे तासाला ३ किलो, चोवीस तासांत ७२ किलो आणि तीस दिवसांत २,१६० किलो. शेजारचा मालक तशाच दोन चिमण्या लावतो. त्याची धूळ ४,३२० किलो झाली. दोघेही कायद्याच्या आत आहेत, पण मोहल्ल्यावर पडणारी धूळ दुप्पट झाली. हे म्हणजे ताग्याचा पोत एका मीटरवर तपासायचा आणि गाठीत मीटर किती आहेत ते मोजायचेच नाही, असा व्यवहार झाला.

तिसरी अडचण शिक्षेची. तपासणीला माणूस क्वचित येतो. आला आणि आकडा जास्त भरला तर नोटीस, कधी वीज-पाणी तोडणे, कधी बंदीचा हुकूम. थोडे चुकले आणि फार चुकले, यांत फरक राहत नाही. एकदा ऐन लगीनसराईत आमचे कापड अशाच एका बंद झालेल्या प्रोसेस हाऊसमध्ये अडकून पडले होते. धूर मालकाच्या चिमणीचा होता, पण नुकसान आम्हाला झाले आणि बॉयलरवरचा मजूर बिनपगारी घरी बसला. शिक्षा एवढी मोठी असली की अधिकारीही ती करायला कचरतो. मग बहुतेक वेळा काहीच होत नाही. असा हा कायदा कागदावर कडक राहतो आणि चिमणीजवळ ढिला पडतो.

लवचिक परवान्याची कल्पना

लवचिक परवान्याचे मूळ अमेरिकेत आहे. तिथला हवा कायदा १९७० चा. त्यात १९७७ आणि १९९० साली मोठ्या दुरुस्त्या झाल्या. तिथेही कारखान्यातील प्रत्येक भट्टी, प्रत्येक चिमणी वेगळी धरून नियम लावले जात. कारखानदार म्हणू लागले की, सगळ्या कारखान्यावर एक काल्पनिक बुडबुडा आहे असे समजा. त्या बुडबुड्यातून बाहेर किती घाण पडते तेवढे मोजा. आत कोणती चिमणी कमी करायची आणि कोणती वाढवायची, ते आमच्यावर सोडा. सरकारने १९८१ साली हे म्हणणे काही अंशी मानले. पर्यावरणवाद्यांनी त्याविरुद्ध दावा लावला. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेव्हरॉन खटल्यात सरकारची बाजू उचलून धरली.

पुढे १९९० नंतरच्या दशकात तिथल्या पर्यावरण खात्याने काही कारखान्यांना नमुन्यादाखल लवचिक परवाने दिले. ओरेगॉन राज्यातील अलोहा येथे इंटेल कंपनीचा संगणकाच्या चिप बनवण्याचा कारखाना आहे. चिपच्या धंद्यात यंत्रे आणि रसायने सतत बदलावी लागतात. दर बदलाला अर्ज करायचा म्हटले तर माल बाजारात येईपर्यंत जुना होतो. म्हणून या कारखान्याला सबंध वर्षासाठी सर्व कारखान्याची मिळून एक कमाल मर्यादा घालून दिली आणि तिच्या आत राहून करायच्या बदलांना आगाऊ मंजुरी दिली. अशा सहा परवान्यांचा आढावा त्या खात्याने २००२ साली घेतला आणि अनुभव चांगला असल्याचे नमूद केले. त्याच वर्षाच्या अखेरीस संपूर्ण कारखान्याची एकच मर्यादा घालण्याची पद्धत नियमांत आली. तिची मुदत दहा वर्षांची असते. २००५ साली ही पद्धत न्यायालयातही टिकली. २००९ च्या ऑक्टोबरात तिथे लवचिक परवान्यांचा खास नियमच जाहीर झाला.

थोडक्यात सांगायचे तर लवचिक परवान्याच्या तीन खुणा आहेत. एक, सगळ्या कारखान्याला मिळून एकूण वजनाची मर्यादा. दोन, त्या मर्यादेच्या आत बदल करायची मोकळीक. तीन, त्या मोबदल्यात सतत मोजमाप आणि खुला हिशेब. पहिल्या दोन गोष्टी कारखानदाराला आवडतात. तिसरीकडे तो काणाडोळा करतो. सगळी भानगड तिथेच होते, हे टेक्सासच्या उदाहरणावरून दिसते.

टेक्सासचा धडा

टेक्सास हे तेल शुद्धीकरणाचे आणि रसायनांचे राज्य. तिथल्या राज्य सरकारने १९९४ साली स्वतःची लवचिक परवान्याची पद्धत काढली आणि शंभराहून जास्त कारखान्यांना असे परवाने दिले. केंद्राच्या पर्यावरण खात्याचा आक्षेप असा होता की, एकूण मर्यादा घातली खरी, पण कोणत्या भट्टीतून किती निघते याची मोजणी आणि नोंद पुरेशी नाही. मग मर्यादा पाळली की मोडली, हे कोणी कसे ठरवायचे? कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या लोकांचीही हीच तक्रार होती. २०१० साली केंद्राने ती पद्धत नामंजूर केली. राज्य न्यायालयात गेले. २०१२ साली अपील न्यायालयाने दोनास एक मताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. शेवटी राज्याने नियम दुरुस्त केले आणि २०१४ साली केंद्राने त्यांना मान्यता दिली. मधल्या काळात किती तरी कारखान्यांनी लवचिक परवाना सोडून पुन्हा साधा परवाना घेतला. आपला परवाना उद्या कायदेशीर राहील की नाही, ही टांगती तलवार कोणत्याच धंदेवाल्याला परवडत नाही.

म्हणजे मोजमापात कुचराई ठेवली तर मोकळीक मालकालाच महाग पडते. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता सुरतेकडे येऊ.

सुरतेत काय घडले?

सुरतेच्या प्रोसेस हाऊसमध्ये कोरे कापड रंगते, छापले जाते. त्याला वाफ लागते, उष्णता लागते. बॉयलर आणि थर्मिक फ्लुइड हीटर कोळशावर, लिग्नाइटवर चालतात. त्यांच्या धुरातील बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने काही अर्थशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन या धुळीसाठी एक बाजार उभा केला. बारीक धुळीसाठी असा बाजार जगात पहिलाच. सुमारे सव्वातीनशे मोठे कारखाने त्यासाठी निवडले. बहुतेक कापड प्रक्रियेचे होते. सर्वांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली, ज्यांचा आकडा थेट मंडळाकडे जातो. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने १६२ कारखाने नव्या योजनेत घेतले आणि बाकीचे जुन्याच नियमाखाली ठेवले. म्हणजे दोन्ही गटांची तुलना करता यावी.

योजनेची रचना अशी. १६२ कारखान्यांना मिळून महिन्याला २८० टन धुळीची कमाल मर्यादा घातली. पुढे ती कमी करीत नेली. तेवढ्याच धुळीची परमिटे काढली. एका परमिटावर एक किलो धूळ सोडता येते. ८० टक्के परमिटे कारखान्यांना त्यांच्या आकारमानाप्रमाणे फुकट वाटली आणि २० टक्के लिलावात विकली. त्यानंतर कारखान्यांनी आपसात खरेदी-विक्री करायची. व्यवहार संगणकावर होत. दर ५ रुपयांच्या खाली आणि १०० रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. काही आठवड्यांचा एक हप्ता संपला की मीटरवर जितके किलो भरले तितकी परमिटे कारखान्याच्या खात्यात पाहिजेत. कमी पडली तर आधी भरून घेतलेल्या अनामत रकमेतून किलोमागे २०० रुपये, म्हणजे कमाल दराच्या दुप्पट, वळते करायचे.

इथे शिक्षेचा स्वभाव कसा बदलला ते पाहावे. पन्नास किलो चुकला त्याला पन्नास किलोचा भुर्दंड, पाचशे किलो चुकला त्याला पाचशेचा. कारखाना बंद करायची गरज नाही, मजुराला घरी पाठवायचे कारण नाही आणि अधिकाऱ्यालाही हात आखडता घ्यायचे कारण नाही.

दोन कारखान्यांचे गणित

खरेदी-विक्रीने फायदा कसा होतो, हे आकड्यांशिवाय कळत नाही. आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. अ आणि ब असे दोन कारखाने आहेत. दोघांची धूळ महिन्याला २,००० किलो आहे आणि दोघांना प्रत्येकी १,५०० परमिटे मिळाली. अ याच्याकडे चांगला बॅग फिल्टर आहे. फक्त पिशव्या वेळेवर बदलायच्या, झाडायच्या आणि फायरमनला नीट शिकवायचे. त्याला एक किलो धूळ कमी करायला ८ रुपये पडतात. ब याची जागा अडचणीची आहे. त्याला नवे यंत्र लावायचे तर किलोमागे ४० रुपये पडतात.

जुन्या पद्धतीने दोघांनी पाचशे-पाचशे किलो कमी केले असते, तर अ याचा खर्च ४,००० आणि ब याचा २०,०००, मिळून २४,००० रुपये झाला असता. नव्या पद्धतीत अ याने हजार किलो कमी केले. खर्च ८,००० रुपये. त्याची ५०० परमिटे उरली. ती त्याने ब याला २० रुपये दराने विकली. त्याच्या हातात १०,००० रुपये आले. खर्च वजा जाता २,००० रुपये नफा. ब याला २०,००० ऐवजी १०,००० रुपयांत भागले. दोघांचा मिळून खर्च ८,००० रुपये. हवेत गेलेली धूळ दोन्ही हिशेबांत तीच, ३,००० किलो.

ब याला मोकळे सोडले असे कोणी समजू नये. दर महिन्याला त्याच्या खिशातून पैसा जातो आहे. परमिटाचा दर चढला तर एक दिवस त्याला नवे यंत्र स्वस्त वाटेल. सरकार एकूण मर्यादा खाली आणते, तेव्हा दर चढतोच. कोणते यंत्र लावायचे आणि कधी लावायचे, हा निर्णय मात्र मालकाचा. लवचिकपणा म्हणतात तो हाच.

प्रत्यक्षातील निकाल २०२५ साली अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. योजनेतील कारखान्यांची धूळ जुन्या नियमाखालील कारखान्यांच्या मानाने २० ते ३० टक्क्यांनी कमी झाली. तेवढीच धूळ कमी करण्याचा खर्च ११ ते १४ टक्क्यांनी उतरला. हप्त्याअखेर परमिटे जमा करण्याचे काम जवळजवळ सर्वांनी चोख केले. अकाली मृत्यू टळण्याचा जो फायदा, तो खर्चाच्या निदान पंचवीस पट भरतो, असे अभ्यासकांनी काढले आहे. मध्ये २०२० च्या टाळेबंदीत योजनेत खंड पडला होता, तरी ती पुन्हा सुरू झाली. नंतर अहमदाबादेतही असाच बाजार उभा राहिला.

तराजू कोणाच्या हातात?

या सर्व यशाचे मूळ मीटरमध्ये आहे. परमिट किलोवर आहे म्हणजे किलो खरा पाहिजे. या बाबतीत गुजरातचाच एक जुना अनुभव सांगण्यासारखा आहे.

तिथे मोठ्या प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ तपासनीसाकडून पर्यावरणाचा अहवाल घ्यावा लागे. तपासनीस निवडायचा कारखान्याने आणि त्याची फी द्यायचीही कारखान्याने. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदाबाद आणि सुरतेच्या भागातील ४७३ कारखान्यांवर याचा अभ्यास केला. याच डुफ्लोबाईंना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अभ्यासात असे दिसले की, अहवालातील आकडे मोठ्या संख्येने मर्यादेच्या जरासे खाली येऊन बसतात. त्याच चिमण्या दुसऱ्याने तपासल्या तर आकडे कितीतरी वर निघत. मग काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली. तपासनीस चिठ्ठीने नेमला, त्याची फी एका सामाईक निधीतून ठरलेल्या दराने दिली आणि त्याच्या काही मोजण्या दुसऱ्याकडून पडताळून घेतल्या. तपासनीस खरे लिहू लागले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले.

व्यापाऱ्याला याचे नवल वाटणार नाही. ज्याचा माल आहे त्याच्याच हातात तराजू दिला तर वजन कुणीकडे झुकेल, हे सांगायला नोबेल पारितोषिक लागत नाही. मंडईत वजनमापे खात्याचा शिक्का म्हणूनच असतो. सुरतेच्या योजनेत मीटर बंद पडला तर त्या काळाची धूळ शून्य धरत नाहीत. जास्तीचा आकडा धरतात. त्यामुळे मीटर चालू ठेवण्यातच मालकाचा फायदा राहतो. कोणत्याही लवचिक परवान्यात हे कलम आहे की नाही, ते आधी पाहावे.

शेजारच्या मोहल्ल्याचा प्रश्न

या पद्धतीवर एक आक्षेप आहे आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. समजा, सचिनच्या कारखान्याने धूळ कमी केली आणि परमिटे पांडेसऱ्याच्या कारखान्याला विकली. शहराचा एकूण हिशेब जमला. पण पांडेसऱ्याच्या चिमणीखाली राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला सचिनच्या स्वच्छ हवेचा काय उपयोग? गिरणीजवळ घर घेतो तो गरीबच असतो. त्याच्या हक्काची हवा त्याला न विचारता दुसरीकडे वळवली, असे होऊ शकते.

यावर उपाय आहेत. एकूण मर्यादा इतकी खाली आणायची की सगळ्यांनाच कमी करावे लागेल. एका कारखान्याने किती परमिटे विकत घ्यावीत याला आळा घालायचा. दाट वस्तीजवळच्या चिमणीला स्वतंत्र कमाल मर्यादा ठेवायची. मीटरचा आकडा वस्तीतील लोकांनाही दिसेल असा लावायचा. हे उपाय कारखानदाराला थोडे जाचतील. पण त्याशिवाय लवचिक परवाना म्हणजे पैसेवाल्याला धूर सोडायची सवलत, असेच लोक म्हणतील आणि त्यांना चूक म्हणता येणार नाही.

दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. सुरतेचा बाजार फक्त धुळीचा आहे. बॉयलरमध्ये चिंध्या, रबर, प्लास्टिक जाळले तर जो विषारी वायू निघतो, तो या हिशेबात येत नाही. त्याला साधा कायदाच लागू राहतो आणि राहिला पाहिजे.

महाराष्ट्रात काय?

आपल्या राज्याने ५ जून २०१७ रोजी कारखान्यांना तारे देण्याची योजना सुरू केली. चिमणीच्या धुळीच्या मोजणीवरून कारखान्याला एक ते पाच तारे मिळतात आणि ते कोणालाही पाहता येतात. यात परमिट नाही की सौदा नाही, पण आकडा उघड करण्याची सवय त्यातून लागते. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या मोठ्या प्रकल्पांसाठी केंद्राने २०१६ साली अशी सवलत दिली की, एकूण क्षमता आणि प्रदूषणाचा भार वाढत नसेल तर मालाचा प्रकार बदलायला नवी मंजुरी नको. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातील बऱ्याच गुन्ह्यांत तुरुंगाऐवजी पैशाचा दंड आणला. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर वारा कुठल्या दिशेने वाहतो ते कळते.

तेव्हा आमच्या कारखानदार बांधवांनी आतापासून काय करावे?

पहिली गोष्ट, आपले संमतीपत्र स्वतः वाचावे. ते सल्लागाराच्या फायलीत पडून राहू देऊ नये. कोणते इंधन, किती बॉयलर आणि मुदत केव्हा संपते, हे मालकाला तोंडपाठ पाहिजे.

दुसरी, इंधनाची वही रोज लिहावी. किती कोळसा आला, किती जळला, किती राख निघाली. उद्या परमिटे वाटताना जुना हिशेब विचारला जाईल. ज्याच्याकडे वही नाही त्याला जे देतील ते घ्यावे लागेल.

तिसरी, एक किलो धूळ कमी करायला आपल्याला काय पडते, हे काढून ठेवावे. बॅग फिल्टरच्या पिशव्या, सायक्लोनची साफसफाई, कोळशाची प्रत, फायरमनचे शिक्षण यांचा खर्च वेगवेगळा मांडावा. पुष्कळदा नव्या यंत्रापेक्षा जुन्याची देखभाल स्वस्त पडते. हा आकडा माहीत नसेल तर परमिट घ्यावे की विकावे, ते कळणारच नाही.

चौथी, लहान साईझिंग आणि डाईंगवाल्यांनी सामाईक बॉयलरचा विचार करावा. दहा लहान चिमण्यांवर दहा मीटर बसवण्यापेक्षा एका मोठ्या बॉयलरला उत्तम गाळणी लावून नळाने वाफ वाटून घेणे बरे. एकट्याच्या ऐपतीबाहेरचा मीटर दहा जणांत झेपतो.

पाचवी, राज्यात अशी योजना येण्याची चिन्हे दिसली की असोसिएशनच्या बैठकीत चार सवाल विचारावेत. फुकट परमिटे कोणत्या वर्षाच्या हिशेबाने वाटणार? लहान युनिटला काय मिळणार? मीटर कोण बसवणार आणि कोण तपासणार? वस्तीजवळच्या चिमणीसाठी वेगळा नियम आहे का? मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा मोठ्या कंपन्यांचे वकील हजर असतात. लहान माणूस नियम लागू झाल्यावर तक्रार घेऊन येतो, तोवर उशीर झालेला असतो.

व्यापाऱ्यांनाही यात हिस्सा आहे. जॉब देताना आपण मीटरमागे दहा-वीस पैशांसाठी घासाघीस करतो. प्रोसेसवाला ते पैसे पिशव्या न बदलून वाचवतो आणि एक दिवस बंदीच्या नोटिशीने आपलाच माल आत अडकतो. धूर ज्याचा स्वच्छ आहे त्याला दोन पैसे जास्त देणे हा चांगुलपणा नसून धंद्याची सुरक्षितता आहे. पुढच्या खेपेला प्रोसेस ठरवताना दराबरोबर त्याच्या चिमणीचा मागील महिन्याचा आकडाही मागावा. आम्ही तो मागायला सुरुवात केली आहे.